विश्लेषण : कापलेले यकृतही वाढते आणि कर्करोगाची गाठही; मग दोघांच्या ‘इंधना’त फरक काय?

यकृताचा मोठा भाग शस्त्रक्रियेने काढला तरी उरलेला भाग वाढून ती उणीव भरून काढतो. यकृताच्या कर्करोगातही पेशी झपाट्याने वाढतात. मात्र त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा हिशेब दोन्हीकडे वेगळा असतो.

यकृत किती लवकर वाढते?

उंदरांच्या यकृताचा सुमारे दोन तृतीयांश भाग काढून त्याची वाढ अभ्यासण्याची पद्धत हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ मध्ये मांडली. उंदराचे यकृत साधारण ७ ते १० दिवसांत मूळ वजनाजवळ पोहोचते. माणसात काही आठवडे ते महिने लागतात. म्हणूनच जिवंत व्यक्ती यकृताचा भाग दान करू शकते.

या वाढीला ऊर्जा कुठून मिळते?

मुख्यतः चरबीतून. रक्ताला साखर पुरवणारे यकृतच कमी झाल्याने शस्त्रक्रियेनंतर साखर घसरते. मग शरीर साठवलेली चरबी सोडते. ती उरलेल्या यकृतपेशींत काही काळ जमा होते आणि मायटोकॉन्ड्रियात जळून ऊर्जा देते. विशेष म्हणजे वाढत असतानाही या पेशी शरीरासाठी नवी साखर बनवत राहतात. पुरेसा आकार झाला की वाढ थांबते.

कर्करोगाची पेशी काय बदलते?

ऑक्सिजन असतानाही गाठी ग्लुकोज पूर्ण न जाळता त्याचे लॅक्टेट करतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले. या मार्गाने ग्लुकोजच्या एका रेणूतून एटीपीचे फक्त २ रेणू मिळतात; पूर्ण जाळल्यास सुमारे ३०. तरीही पेशीला तो परवडतो, कारण नव्या पेशींसाठी लागणारा कच्चा मालही त्यातूनच मिळतो.

निरोगी यकृतपेशीत ग्लुकोकायनेज हे एन्झाइम असते. रक्तात साखर भरपूर असेल तेव्हाच ते जोमाने काम करते. कर्करोगात त्याची जागा बहुधा हेक्सोकायनेज-२ घेते. ते कमी साखरेतही ग्लुकोज पकडते. शिवाय साखर बनवणारी एन्झाइम्स घटतात. थोडक्यात, साखर पुरवणारी पेशीच गिऱ्हाईक होते.

रुग्णाला याचा उपयोग काय?

पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी खूण लावलेले ग्लुकोजसारखे द्रव्य टोचतात. ते गाठीत अडकते आणि प्रतिमेत चमकते. पण यकृताच्या काही गाठी मूळ पेशींशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात, की त्या हे द्रव्य परत सोडतात आणि स्कॅनमधून निसटतात. त्यामुळे यकृतासाठी सीटी आणि एमआरआयवर अधिक भर असतो.

औषधांच्या बाबतीतही हा फरक कळीचा आहे. पेशींची वाढच रोखणारे औषध शस्त्रक्रियेनंतर यकृताची भरपाईही अडवू शकते. हेक्सोकायनेज-२ निरोगी यकृतपेशीत जवळपास नसते, म्हणून संशोधकांचे त्याच्याकडे लक्ष आहे. मात्र त्यावर आधारित उपचार अजून नेहमीच्या वापरात नाहीत.

साखर सोडली तर गाठ उपाशी मरते का?

नाही. खाल्ली नाही तरी शरीर प्रथिनांतून आणि इतर घटकांतून साखर तयार करते आणि गाठीला ती मिळत राहते. उलट आहार तोडल्याने रुग्णाचे वजन आणि स्नायू घटू शकतात. यकृताच्या रुग्णांना हे अधिक जड जाते. आहारातील कोणताही मोठा बदल डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच करावा.