खेळाच्या सीमारेषेवर : ‘ईव्ह ऑनलाइन’मधील युद्ध, राजकारण आणि दैनंदिन जीवन

प्रस्तावना :

महाविद्यालयांच्या प्राध्यापककक्षात ‘ऑनलाइन गेम’ हा शब्द बहुधा तक्रारीच्या स्वरातच उच्चारला जातो. विद्यार्थी रात्रभर खेळतात, सकाळच्या तासिकेला पेंगतात, अवांतर वाचन तर सुटलेच, ही ती तक्रार होय. ती निराधार नाही आणि प्रस्तुत लेखकानेही ती अनेकदा केली आहे. तथापि राज्यशास्त्राच्या अध्यापकाला एका गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही. खेळताना ही मुले कानांना हेडफोन लावून तासन्‌तास कोणाशी तरी बोलत असतात. न पाहिलेल्या माणसांशी तह करतात, भांडतात, नेता निवडतात, नेत्याला दूषणे देतात. या बोलण्याला राजकीय चर्चा म्हणता येईल काय, आणि म्हणता येत असेल तर खेळातले युद्ध व खेळाबाहेरचे युद्ध यांच्यातील सीमारेषा कोण आखते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी आइसलँडमधील सीसीपी या कंपनीने मे २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळाचे उदाहरण निवडले आहे. दोन दशकांहून अधिक काळ अखंड चाललेल्या या आभासी विश्वाच्या घडामोडींची नोंद विपुल प्रमाणात उपलब्ध आहे.

एकच विश्व, कायमचे नुकसान :

अवकाशयानांच्या या खेळाची दोन वैशिष्ट्ये प्रथम लक्षात घ्यावी लागतात. बहुतेक ऑनलाइन खेळांत खेळाडूंची विभागणी वेगवेगळ्या सर्व्हरवर केलेली असते. येथे मात्र, चीनमधील स्वतंत्र आवृत्ती वगळता, जगभरचे खेळाडू सात हजारांहून अधिक तारकामंडळांच्या एकाच विश्वात वावरतात. त्यामुळे अमेरिकन, रशियन, फ्रेंच, जर्मन असे सगळेच एकमेकांचे शेजारी, ग्राहक किंवा शत्रू होतात. दुसरे वैशिष्ट्य असे की, येथे नष्ट झालेले यान परत मिळत नाही. ते कोणीतरी खनिज खणून, वाहून, कारखान्यात जोडून तयार केलेले असते. ‘टायटन’ हे सर्वांत मोठे यान बांधण्यास अनेकांचे कित्येक आठवड्यांचे श्रम लागतात. खेळातील चलनाला ‘इस्क’ म्हणतात आणि आइसलँडच्या खऱ्या चलनाचे संक्षिप्त रूपही नेमके तेच आहे. खऱ्या पैशाने खेळण्याची मुदत विकत घेऊन ती खेळातील चलनात दुसऱ्यास विकण्याची सोय असल्याने आभासी नुकसानाची किंमत डॉलरमध्येही मांडता येते.

२७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेली बी-आर-५-आर-बी या तारकामंडळातील लढाई याचे ठळक उदाहरण आहे. एका आघाडीकडून त्या प्रदेशावरील स्वामित्वाचे ठरावीक देयक भरले गेले नाही. स्वामित्व आपोआप संपुष्टात आले, विरोधकांनी संधी साधली आणि सुमारे २१ तास युद्ध चालले. साडेसात हजारांवर खेळाडू त्यात सहभागी झाले. ७५ टायटन नष्ट झाले आणि एकूण हानी सुमारे तीन लाख डॉलर इतकी मानली गेली. इतकी गर्दी झाली की संगणकयंत्रणा काळाचा वेगच कमी करते. अशा वेळी खेळातला एक सेकंद पार पडण्यास बाहेरचे दहा सेकंद लागतात. म्हणजे तोफ डागायची आणि परिणाम दिसेपर्यंत स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवायचा! त्या २१ तासांत कोणी कार्यालयात गेले, कोणी रजा टाकली, कोणी झोपून उठून पुन्हा आघाडीवर आले. युद्ध आणि घर यांची सरमिसळ या खेळात अशी अगदी घड्याळाच्या पातळीवर होते. मोठ्या आघाड्यांचे सेनापती हल्ल्याची वेळ ठरवताना शत्रूची झोपेची वेळ कोणती, याचा विचार करतात. एकाच आघाडीत युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील खेळाडू असणे म्हणूनच सामरिक गरज ठरते.

विश्वास आणि विश्वासघात :

या विश्वाच्या दूरच्या प्रदेशांत पोलीस नाहीत, न्यायालय नाही. २००५ मध्ये ‘गायडिंग हँड सोशल क्लब’ नावाच्या गटाने शत्रुगटात आपली माणसे पेरली, महिनोन्‌महिने विश्वास संपादन केला आणि एका दिवशी नेत्याचे यान फोडून कोठारे रिकामी केली. लुटीची किंमत सोळा हजार डॉलरहून अधिक सांगितली गेली. कंपनीने हस्तक्षेप केला नाही, कारण खेळाच्या नियमांत फसवणूक वैध होती. फेब्रुवारी २००९ मध्ये ‘बँड ऑफ ब्रदर्स’ या बलाढ्य आघाडीचा एक संचालक ‘गूनस्वार्म’ या शत्रूस फितूर झाला आणि त्याने आपल्या अधिकारात ती आघाडीच विसर्जित करून टाकली. वर्षानुवर्षे युद्धात जे साधले नव्हते ते काही कळा दाबून साधले गेले.

असे वर्णन वाचून हॉब्जची निसर्गावस्था आठवणे स्वाभाविक आहे. परंतु ती तुलना अपुरी पडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. फसवणूक मोकाट असूनही हजारो अनोळखी माणसे येथे दीर्घकाळ एकत्र राहतात. याचे कारण शस्त्रबळात शोधून सापडत नाही. मोठ्या आघाड्या युद्धात यान गमावलेल्या शिपायास भरपाई देतात, नव्या उमेदवाराची पूर्वपीठिका तपासतात, मोहिमांतील उपस्थितीची नोंद ठेवतात. कोणी दोन आठवडे दिसला नाही तर आजारी आहे काय, याची चौकशी होते. एखाद्या तालुक्यातील सहकारी संस्थेचा कारभार ज्याने जवळून पाहिला आहे त्याला हे चित्र परके वाटणार नाही. तेथेही हिशेबवही, पत आणि कुजबुज या तिन्हींवर संस्था उभी असते.

दीर्घ मोहिमांत प्रत्यक्ष लढाई अल्पकाळ असते आणि प्रतीक्षा फार. या प्रतीक्षेत माणसे बोलतात : पगार, घटस्फोट, बाळाचे दात, निवडणुका. स्टाइनक्यूलर आणि विल्यम्स या अभ्यासकांनी २००६ मध्ये ऑनलाइन खेळांना घर व कामाचे ठिकाण यांखेरीजचे ‘तिसरे ठिकाण’ म्हटले होते. आपल्याकडे त्याला पार किंवा कट्टा म्हणता येईल. फरक इतकाच की पारावर बसलेल्यांना एकमेकांची जात, शेती आणि कर्ज ठाऊक असते. येथे माहीत असतो तो आवाज आणि स्वतः घेतलेले नाव.

प्रतिनिधित्वाचा प्रयोग :

२००७ मध्ये कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने आपल्या खेळातील गटास दुर्मीळ आराखडे गैरमार्गाने मिळवून दिल्याचे उघडकीस आले. खेळाडूंनी खेळाडूंना फसवणे वैध होते, पण विश्वाच्या निर्मात्यानेच पक्षपात करणे अक्षम्य मानले गेले. या वादानंतर २००८ मध्ये ‘कौन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट’ हे खेळाडूंनी मतदानाने निवडलेले सल्लागार मंडळ अस्तित्वात आले. त्याच्या सदस्यांना रेक्याविकला बोलावून कंपनी धोरणांवर चर्चा करू लागली. २०११ मध्ये खेळात शोभेच्या वस्तूंची महागडी विक्री सुरू झाली. साठ-सत्तर डॉलरच्या आसपास पडणारा एक एकनेत्री चश्मा संतापाचे निमित्त ठरला. खेळाडूंनी ‘जिता’ या बाजारपेठेत जमून तेथील स्मारकावर गोळीबार करीत निषेध केला, मंडळाची तातडीची बैठक झाली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली. २०१३ पासून मंडळाची निवडणूक एकल संक्रमणीय मतपद्धतीने होऊ लागली. आपल्या राज्यसभेचे सदस्य ज्या तत्त्वाने निवडले जातात तेच हे तत्त्व. वर्गात ते समजावताना फळाही अपुरा पडतो, हा सर्व अध्यापकांचा अनुभव असेल. येथे मात्र यानांच्या हौसेपोटी आलेल्या तरुणांनी पसंतिक्रमाचे डावपेच आपसांत शिकून घेतले.

येथे एक विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधींची थेट निवडणूक बंद होऊन गुणवत्तेवर आधारित नियुक्ती आली. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा केली, पण २०१९ मध्ये त्या घेण्याचे ठरूनही लांबणीवर पडल्या. म्हणजे त्या काळात आपला एखादा विद्यार्थी एका परदेशी खेळाच्या मंडळासाठी मतदान करू शकत होता, स्वतःच्या महाविद्यालयात मात्र नाही. विद्यार्थी राजकारणापासून दूर गेले, असे म्हणताना आपण हे ध्यानात घेतलेले बरे.

अर्थात या मंडळाला मर्यादा आहेत. त्याचा अधिकार सल्ल्यापुरता आहे, मालकी कंपनीचीच राहते आणि संघटित आघाड्या आपले उमेदवार सहज निवडून आणतात.

२०१२ : एकाच वर्षातील दोन घटना :

डच इतिहासकार योहान हाउझिंगा याने १९३८ च्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळ हा दैनंदिन जीवनापासून वेगळ्या काढलेल्या जागेत व काळात घडतो, असे प्रतिपादन केले. पुढील अभ्यासकांनी या जागेस ‘जादूचे वर्तुळ’ ही संज्ञा रूढ केली. एडवर्ड कास्ट्रोनोव्हा याने २००५ मध्ये आभासी जगांभोवतीची ही सीमा सच्छिद्र पडद्यासारखी असल्याचे म्हटले. परंतु छिद्रांतून काय आत-बाहेर जाऊ द्यायचे हे कसे ठरते? ‘ईव्ह’च्या इतिहासातील २०१२ हे वर्ष या दृष्टीने विचार करायला लावणारे आहे.

मार्च महिन्यात रेक्याविकच्या वार्षिक मेळाव्यात, सल्लागार मंडळाच्या तत्कालीन अध्यक्षाने व्यासपीठावरून एका खेळाडूची थट्टा केली. त्या खेळाडूने आपल्या नैराश्याबद्दल आणि आत्महत्येच्या विचारांबद्दल लिहिले होते. त्याला आणखी छळण्याचे आवाहन अध्यक्षाने मद्याच्या भरात केले. हाच अध्यक्ष खेळातील क्रौर्य व हेरगिरी यांसाठी विख्यात होता आणि त्यासाठीच त्याला भरघोस मते मिळाली होती. या वेळी मात्र टीकेचा भडका उडाला. ‘सगळे खेळातलेच आहे’ हा युक्तिवाद टिकला नाही. त्याने माफी मागितली, अध्यक्षपद सोडले, कंपनीने त्याला तीस दिवस खेळातून निलंबित केले. शत्रूची वर्षांची कमाई लुटणे चालते, पण मरणाच्या विचारात असलेल्या माणसाला डिवचणे चालत नाही, हा नियम कोणत्याही नियमपुस्तिकेआधी त्या वादविवादात ठरला.

त्याच वर्षी ११ सप्टेंबरला लिबियातील बेनगाझी येथे अमेरिकेच्या राजनैतिक कचेरीवर हल्ला झाला. राजदूत ख्रिस्तोफर स्टीव्हन्स यांच्यासह चार अमेरिकन मृत्यू पावले. त्यांपैकी शॉन स्मिथ हे ‘ईव्ह’मध्ये ‘व्हाइल रॅट’ या नावाने ओळखले जात आणि गूनस्वार्मचे प्रमुख मुत्सद्दी व सल्लागार मंडळाचे माजी सदस्य होते. परराष्ट्रसेवेत त्यांचे पद माहिती व्यवस्थापन अधिकाऱ्याचे, म्हणजे संगणक व संदेशयंत्रणा सांभाळण्याचे होते. वाटाघाटी, तह, शत्रूंमध्ये फूट पाडणे ही कामे ते खेळात करीत. हल्ल्यापूर्वी खेळातील मित्रांशी झालेल्या लेखी गप्पांत त्यांनी, आवाराचे रक्षण करणारा एक पोलीस छायाचित्रे घेताना दिसल्याचे आणि आजची रात्र आपण जगलो तर, अशा अर्थाचे लिहिले होते. पूर्वी बगदादमध्ये असतानाही तोफगोळ्यांच्या इशाऱ्याने ते गप्पा अर्धवट सोडून जात आणि काही वेळाने परतत, अशी आठवण मित्रांनी नोंदवली आहे. या वेळी ते परतले नाहीत.

पुढील दिवसांत मित्र-शत्रू आघाड्यांनी शेकडो स्थानकांची नावे बदलून त्यांचे नाव दिले. कुटुंबासाठी एक लाख डॉलरहून अधिक निधी जमला. १४ सप्टेंबरला पार्थिवे मायदेशी आणली गेली, तेव्हा परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी आभासी जगातील सहकारी व प्रतिस्पर्धीही शोकाकुल असल्याचा आवर्जून उल्लेख केला. मार्चमध्ये एका माणसाच्या वेदनेची थट्टा झाली होती आणि सप्टेंबरमध्ये शोक झाला तोही त्याच आघाडीच्या माणसासाठी. या समुदायास निर्दय किंवा सहृदय असे एकच विशेषण लावणे म्हणूनच अवघड आहे.

खरे युद्ध आणि समाईक आघाडी :

प्रत्यक्ष राजकारणाची चर्चा सामाईक दालनात नको, ती वेगळ्या दालनात व्हावी, असा प्रघात अनेक गटांत आहे. शांततेच्या काळात तो चालून जातो. बाहेरचे युद्ध मात्र दालन विचारून येत नाही. आपल्या विद्यार्थ्यांनीही हे अनुभवले आहे. जून २०२० मधील गलवान संघर्षानंतर २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली. त्यांत ‘पबजी मोबाइल’ होता आणि अनेकांसाठी लडाखमधील सीमावाद त्या दिवशी प्रथमच हातातल्या फोनपर्यंत पोहोचला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. ‘ईव्ह’मध्ये रशियन भाषक गटांचे बळ सुरुवातीपासून मोठे आहे आणि त्यांत रशियाबरोबरच युक्रेनमधील खेळाडूही एकत्र असत. हैतीचा भूकंप, जपानची त्सुनामी अशा आपत्तींत खेळाची मुदत दान करून निधी उभारण्याची या समुदायाची जुनी प्रथा होती. ती या वेळी युक्रेनच्या मदतीसाठी वापरली गेली आणि सुमारे पाच लाख डॉलर जमा झाले. भूकंपग्रस्तांना मदत करताना कोणाची बाजू घ्यावी लागत नाही, येथे ती घ्यावी लागली. रशियातील खेळाडूच्या दृष्टीने त्याचाच खेळ त्याच्या देशाच्या विरोधात मदत गोळा करीत होता. तो या युद्धाचा समर्थक असेल वा विरोधक.

याच मार्चमध्ये व्हिसा व मास्टरकार्ड या कंपन्यांनी रशियातील व्यवहार स्थगित केले. रशियातील बँकेच्या कार्डाने परदेशी सेवेचे पैसे भरणे त्यामुळे बंद झाले. मात्र खेळातील चलन कमावून त्याच्या मोबदल्यात दुसऱ्याने खरेदी केलेली मुदत मिळवण्याचा मार्ग खुला राहतो. ही मुदत विकणारा कोण, कोणत्या देशाचा, हे बाजारात दिसत नाही. तेव्हा खनिज खणून आपली पुढील महिन्याची मुदत मिळवणाऱ्या रशियन खेळाडूस ती एखाद्या युक्रेनियनानेही विकलेली असू शकते, आणि दोघांनाही ते कळण्याचा मार्ग नाही.