माशांच्या खाद्यातील विकरे : पेंडीत अडकलेला स्फुरद

आपल्या सेनगाव तालुक्यात सोयाबीन मोठ्या प्रमाणावर पिकते. पूर्णा नदीवरील येलदरीचे धरण जवळच आहे, आणि २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर शेततळ्यांकडे शेतकऱ्यांचे लक्ष अधिकच वळले. अशा पाण्यात रोहू, कटला, मृगळ वाढवून घरखर्चाला हातभार लावावा, असे अनेक तरुणांच्या मनात येते. परंतु खाद्य देऊन केलेल्या मत्स्यशेतीत निम्म्याहून अधिक खर्च बहुधा खाद्यावरच होतो. ज्याच्याजवळ जमीन थोडी आणि भांडवल त्याहून थोडे, त्याचा धंदा खाद्याच्या पोत्यावरच तरतो किंवा बुडतो. म्हणून सभासद बंधू-भगिनी व विद्यार्थी यांच्यासाठी हा विषय येथे आम्ही थोडक्यात मांडत आहोत.

पेंडीतील कुलूप

पूर्वी माशांच्या खाद्यात मासळीची कुटी प्रथिनांसाठी वापरीत. ती महाग, म्हणून तिची जागा सोयाबीनच्या पेंडीने घेतली. तेल काढलेल्या या पेंडीत सुमारे ४५ टक्के प्रथिने असतात. मात्र तिच्यात एक अडचण आहे. वनस्पतींच्या बियांतील स्फुरदाचा बराच मोठा भाग ‘फायटेट’ या संयुगात अडकलेला असतो. १०० किलो पेंडीत सुमारे ६५० ग्रॅम स्फुरद असतो, पण त्यातील निम्म्याहून अधिक माशाला पचत नाही. शिवाय फायटेट हे जस्त, कॅल्शियम आणि काही प्रमाणात प्रथिनेही धरून ठेवते.

याचे नुकसान दुहेरी होते. माशाची हाडे व वाढ कमी पडते आणि न पचलेला स्फुरद विष्ठेवाटे पाण्यात जातो. शेतात जे खत, तेच तळ्यात शेवाळाला खत होते. शेवाळ माजले की पहाटे पाण्यातील प्राणवायू कमी होतो, मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात आणि कधी रात्रीतून मरतातही.

किल्ली कोणती?

हे कुलूप उघडणारे विकर म्हणजे ‘फायटेज’. विकर, म्हणजेच एन्झाइम, हे सजीवांत तयार होणारे आणि रासायनिक क्रिया जलद घडविणारे प्रथिन होय. जपानी संशोधकांनी १९०७ साली भाताच्या कोंड्यात फायटेजचा शोध लावला. बुरशीपासून तयार केलेले फायटेज १९९१ पासून पशुखाद्यासाठी बाजारात आले. आपल्या घरातही हे विकर काम करते. मटकीला मोड येतात तेव्हा दाण्यातील फायटेज जागे होऊन अडकलेला स्फुरद कोंबासाठी मोकळा करते.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. रोहूसारख्या माशांना आपल्यासारखे आम्लयुक्त जठर नसते, आणि बुरशीचे फायटेज आम्लात चांगले काम करते. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतील संशोधकांनी रोहूच्या पिलांवर केलेले प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाले. एक किलो खाद्यात ५०० एकक फायटेज आणि ३ टक्के सायट्रिक आम्ल, म्हणजे आपले लिंबूसत्त्व, एकत्र दिल्यावर हाडांतील खनिजे वाढल्याचे त्यांत दिसून आले.

वापरताना घ्यावयाची काळजी

पाकिटावर ‘एका ग्रॅममध्ये ५००० एकक’ असे लिहिले असेल, तर १०० किलो खाद्याला ५०० एककांच्या हिशेबाने १० ग्रॅम पुरतात. एवढीशी पूड सगळीकडे सारखी पसरावी म्हणून ती आधी किलोभर कोंड्यात मिसळावी, मग तो कोंडा सर्व खाद्यात कालवावा. विकर हे प्रथिन असल्याने जास्त उष्णतेने निकामी होते. म्हणून खाद्य शिजवून थंड झाल्यावरच ते घालावे. कारखान्यांतही कांडी तयार झाल्यावर विकराचे द्रावण तिच्यावर फवारण्याची पद्धत आहे.

सोयाबीन मात्र कच्चे कधीही देऊ नये. त्यातील पचनास अडथळा आणणारे घटक उष्णतेनेच नष्ट होतात. बुरशी लागलेली पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. तिच्यातील विष कोणत्याही पाकिटाने निघत नाही.

विकर म्हणजे जादू नव्हे. तळ्यात मासे दाटीने सोडले असतील किंवा खाद्यात प्रथिनेच कमी असतील, तर त्याचा उपयोग नाही. म्हणून आमची सूचना अशी की, एकदम सर्व पैसे त्यात घालू नयेत. सारख्या आकाराच्या दोन तळ्यांत सारखेच मत्स्यबीज सोडावे, एकात विकर घातलेले व दुसऱ्यात साधे खाद्य द्यावे. दरमहा प्रत्येकी वीस मासे तोलून वहीत नोंद ठेवावी आणि एक किलो वाढीसाठी किती किलो खाद्य लागले ते काढावे. वाचलेल्या खाद्याची किंमत पाकिटाच्या किमतीपेक्षा जास्त भरली, तरच पुढे जावे.

हे तोलण्याचे व नोंदीचे काम आपल्या विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे. पुस्तकातील ‘विकर’ हा धडा त्यांना कळेल आणि घरच्यांना दुकानदाराच्या शब्दावर नव्हे, स्वतःच्या हिशेबावर निर्णय घेता येईल.