पाण्याला वास नसतो, मग बाटलीत काय असतं?

आज बोलायचं आहे पुरुषांच्या सेंटबद्दल. हसू नका. राखीला भावासाठी, मुलाला पहिली नोकरी लागली म्हणून, नाहीतर नवऱ्याच्या वाढदिवसाला ही बाटली घरात येते आणि ती विकत आणणाऱ्या बहुतेक वेळा आपणच असतो. दुकानदार सांगतो, "हा घ्या ताई, वुडी अक्वाटिक आहे, एकदम माइल्ड." आपण मान हलवतो, पैसे देतो.

या विषयाला दुसरंही एक कारण आहे. आपल्या बचत गटांकडे हल्ली काही माणसं यायला लागली आहेत. म्हणतात, "सुटं सुवासिक तेल आम्ही देतो. स्पिरिटमध्ये मिसळा, बाटल्या भरा, वर मोठ्या कंपनीचं नाव चिकटवा. दुप्पट नफा." दोन-तीन गटांनी मला विचारलं, घ्यायचं का हे काम? त्यावर येते, पण आधी त्या बाटलीत असतं काय ते बघू.

वुडी म्हणजे लाकडासारखा वास, अक्वाटिक म्हणजे पाण्यासारखा. आता पाण्याला कुठला आलाय वास? आपण ज्याला पाण्याचा वास म्हणतो तो पाण्यामुळे ओल्या झालेल्या वस्तूंचा असतो. पहिल्या पावसाची माती, शेवाळलेला घाट, नुकतं चिरलेलं कलिंगड, भरतीच्या वेळची खारी हवा. समुद्राचं पाणी उकळून त्याचा अर्क काढायला गेलात तर हाताशी फक्त मीठ राहील. म्हणून हा वास माणसाला तयार करावा लागला.

फायझर या औषध कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांना १९६६ मध्ये एक पदार्थ सापडला. त्याचं नाव कॅलोन. त्याला कलिंगडाचा आणि समुद्राच्या वाऱ्याचा एकत्र वास येतो. बरीच वर्षं त्याचा फारसा उपयोग झाला नाही. पुढे १९९० च्या आसपास युरोप-अमेरिकेत अशा पाणेरी वासांची लाटच आली. १९८८ मध्ये पिएर बूर्दाँ या अत्तरकारानं डेव्हिडॉफ कंपनीसाठी 'कूल वॉटर' केलं, १९९६ मध्ये अर्मानीचं 'अक्वा दी जिओ' आलं. आज आपल्या बाजारात निळ्या बाटलीत जे काही मिळतं, त्यातलं बरंचसं याच दोघांच्या वळणावर गेलेलं असतं. 'कूल वॉटर'मधल्या त्या गार, स्वच्छ वासामागे डायहायड्रोमायर्सेनॉल नावाचा घटक आहे. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल. गंमत अशी, की तो टर्पेंटाइनपासून बनवता येतो, म्हणजे मूळ चिडाच्या झाडाच्या डिंकात. आणि हाच घटक कपड्याच्या साबणाच्या वासातही घालतात. म्हणून असा सेंट मारलेला माणूस शेजारून गेला, की आपल्याला नुकतेच धुतलेले कपडे आठवतात.

नुसता पाणेरी वास मात्र पातळ वाटतो, त्याला खाली आधार लागतो. तो आधार म्हणजे लाकूड. चंदन, देवदाराच्या जातीची झाडं, आणि आपला वाळा. वाळा म्हणजे गवताची मुळं, तरी त्याचा वास लाकडातच मोजतात. जगभर त्याला व्हेटिव्हर म्हणतात. हा शब्द तमिळमधल्या 'वेट्टिवेर'वरून गेला. आज हैती या लहानशा देशातून वाळ्याचं तेल मोठ्या प्रमाणावर अत्तराच्या कारखान्यांना जातं. माठात वाळ्याची जुडी टाकून प्यायलेलं पाणी आठवा. गार, मातकट, किंचित लाकडासारखं. वुडी अक्वाटिक म्हणजे काय हे समजायला मला तरी दुसरं उदाहरण लागलं नाही.

उत्तर प्रदेशातल्या कनौजला हे काम फार जुनं आहे. तिथे तांब्याच्या डेगेत वाळ्याची मुळं पाण्याबरोबर मंद आचेवर तासन्‌तास ठेवतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते आणि थंड होते. त्या रूह खसला तांब्यामुळे हिरवट रंग येतो. तिथेच मातीचं अत्तरही करतात. भाजलेली माती डेगेत घालायची आणि तिची वाफ चंदनाच्या तेलात धरायची. पावसाचा वास बाटलीत भरायची ही युक्ती कॅलोनच्या कितीतरी आधीची.

तिसरा घटक सांगायलाच हवा, कारण त्यात धोका आहे. या सेंटमध्ये एक खारट, ऊबदार वास असतो, त्याला अंबर म्हणतात. मूळ अंबर स्पर्म व्हेल या सागरी सस्तन प्राण्याच्या आतड्यात तयार होतो. 'व्हेलची उलटी' पकडल्याच्या बातम्या कोकणातून येतात, ती हीच. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ती जवळ ठेवणं किंवा विकणं गुन्हा आहे. किनाऱ्यावर सापडली तर वनखात्याला कळवायचं, घरी आणायची नाही. बाटलीतल्या सेंटला तिची गरजही नसते. तसाच वास क्लेरी सेज या वनस्पतीपासून तयार करता येतो आणि बहुतेक कंपन्या तोच वापरतात.

आता विकत घेताना. दुकानात फवारा मारल्या मारल्या येतो तो वास स्पिरिटचा आणि लिंबू-संत्र्याचा. त्यावर ठरवू नका. मनगटावर एक फवारा मारा, बाकीचा बाजार करा, अर्ध्या तासानं हुंगा. संध्याकाळपर्यंत राहणार तो मागचा लाकडाचा वास, तोच आवडला पाहिजे. आणि सौम्य सेंट सौम्य राहतो तो मारणाऱ्याच्या हातामुळे. आपलं नाक थोड्या वेळात स्वतःच्या वासाला सरावतं, मग माणसाला वाटतं वास उडाला, आणि तो आणखी चार फवारे मारतो. एसटीत शेजारी बसलेल्या बाईचं डोकं उठतं. घरच्या माणसांनी सांगावं, बास झालं. नुकत्याच दाढी केलेल्या गालावर मारू देऊ नका, आग होते. गॅसजवळ किंवा देवाच्या निरांजनाजवळ तर मुळीच नको. त्यातलं स्पिरिट पेट घेतं.

'पुरुषांसाठी' हे मात्र बाटलीवर छापलेलं असतं, वासात नसतं. वाळा आपल्या आज्या कपड्यांच्या ट्रंकेत ठेवायच्या. तुम्हाला आवडला तर खुशाल लावा.

आता गटाच्या प्रश्नाकडे. माझं उत्तर नाही असं आहे. सेंट हे कायद्यानं सौंदर्यप्रसाधन आहे. विकण्यासाठी तयार करायचं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. बाटलीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, परवाना क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं, हे सगळं हवं. दुसऱ्या कंपनीचं नाव चिकटवणं हा तर वेगळाच गुन्हा. उद्या एखाद्याच्या मानेवर चट्टे उठले, तर तेलवाला फोन उचलणार नाही. बाटली विकली गटानं, सह्या अध्यक्ष आणि सचिव ताईंच्या. शिवाय स्पिरिटचा कॅन घरात, लेकराबाळांत, चुलीशेजारी ठेवायचा. जास्तीचे चार पैसे मिळतील म्हणून एवढं अंगावर घ्यावं असं मला वाटत नाही. तोच माणूस परत आला तर त्याच्याकडे परवान्याची प्रत आणि पक्कं बिल मागा.

वासाच्याच धंद्यात जायचं असेल तर वाळा आहे. माठासाठी जुड्या, कपाटात ठेवायला सुती कापडाच्या पुरचुंड्या, खिडकीचे पडदे. हे अंगाला लावायचं नसल्यामुळे सौंदर्यप्रसाधनाचा परवाना लागत नाही. मुळं चांगली भरायला साधारण दीड वर्ष लागतं, म्हणून पहिल्या हंगामात तयार मुळं विकत घेऊन काम सुरू करा. एक सांभाळा. ज्या बांधावर माती धरून ठेवायला वाळा लावलाय, तिथला उपटू नका. मुळं काढली की माती मोकळी होते आणि पुढच्या पावसात बांधच वाहून जातो. विक्रीसाठी वेगळा वाफा करा. कमी जागा असेल तर मातीनं भरलेल्या उंच पोत्यांतही लावता येतो. पोतं फाडलं की मुळं न तुटता हाती येतात. ती धुवा आणि सावलीत वाळवा.