न्युरेम्बर्गचे नरसाळे आणि पितळी खुंट्या

न्युरेम्बर्गच्या नावाने जर्मन भाषेत एक नरसाळे रूढ झाले आहे. विद्यार्थ्याच्या डोक्यावर ते धरायचे आणि वरून विद्या ओतायची, अशी ती कल्पना. याच शहरातले कवी गेऑर्ग फिलिप हार्सडोर्फर यांनी १६४७ पासून ‘पोएटिशर ट्रिश्टर’, म्हणजे काव्याचे नरसाळे, हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जर्मन काव्यकला सहा तासांत ओतून देण्याचे वचन त्याच्या शीर्षकातच होते. पुढे १९९० मध्ये हे नरसाळे संगणकाच्या जगात पुन्हा अवतरले. आयबीएमच्या संशोधन केंद्रात काम केलेले मानसशास्त्रज्ञ जॉन कॅरोल यांनी आपल्या पुस्तकाला ‘द न्युर्नबर्ग फनेल’ असे नाव दिले आणि असे नरसाळे नसतेच हे त्यात सप्रमाण दाखवले. कार्यालयात काम करणारी माणसे शब्दसंस्करण यंत्र पहिल्यांदा कशी शिकतात, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळून पाहिले होते. माणसे सूचनापुस्तक पहिल्या पानापासून वाचत नाहीत. ती लगेच कामाला हात घालतात, पाने गाळतात, चुकतात, आणि चूक झाली हेच त्यांना कळत नाही. कॅरोल यांनी यासाठी वाचकाला दोष दिला नाही. पुस्तकच लहान केले, खरे काम सुरुवातीलाच ठेवले आणि चूक ओळखायची कशी व सावरायची कशी याला जागा दिली.

संगणक पहिल्यांदाच जोडणाऱ्याच्या हातात मदरबोर्ड येतो, तेव्हा हा विचार किती खरा आहे ते दिसते. सगळे सुटे भाग ज्यावर येऊन जुळतात तो हा बोर्ड. इंटेलने १९९५ मध्ये ठरवलेल्या एटीएक्स मापाचा पूर्ण बोर्ड ३०५ मिलिमीटर लांब आणि २४४ मिलिमीटर रुंद असतो. भोकांच्या जागा ठरलेल्या असल्यामुळे एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो. नवशिक्याला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती वायरींच्या जंजाळाची. खरे तर तिथे फारसे बिघडण्यासारखे नसते. रॅमच्या पट्टीला एक खाच असते, उलट्या बाजूने ती बसतच नाही. वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसकडून येणारी २४ पिनांची जाड केबल एकाच दिशेने शिरते. कॅबिनेटच्या पुढच्या बटणाच्या बारीक वायरी सुट्या असतात आणि त्या पाहून भल्याभल्यांना घाम फुटतो. पण चालू करण्याच्या बटणाची वायर उलटी लागली तरी बटण चालते, आणि दिव्याची उलटी लागली तर दिवा लागत नाही एवढेच. ती काढून फिरवून लावली की काम झाले.

धोका असतो तो जिथे नवशिक्याला काहीच अवघड वाटत नाही तिथे. कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर षट्कोनी पितळी खुंट्या फिरवून बसवाव्या लागतात. बाजारात त्यांना स्टँडऑफ म्हणतात. काही कॅबिनेटमध्ये त्या आधीच बसवलेल्या असतात. मदरबोर्ड या खुंट्यांवर टेकतो आणि स्क्रू त्यांच्यात पिळले जातात. बोर्डाच्या मागच्या बाजूला डाखाचे शेकडो उघडे ठिपके असतात. खुंट्या न लावता बोर्ड थेट पत्र्यावर ठेवला, तर ते ठिपके पत्र्याला टेकतात. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे एखादी जास्तीची खुंटी राहून गेली, तरी तिचे टोक एखाद्या ठिपक्याला भिडू शकते. वीज सोडली की शॉर्ट. उलट, जिथे हवी तिथे खुंटी नसेल तर जाड केबल दाबून बसवताना बोर्ड लवतो. आणि हे सगळे बोर्डाखाली घडत असल्याने वरून काही दिसत नाही. म्हणून बोर्ड आधी खुंट्यांवर नुसता धरून पाहावा, भोके मोजावीत, पुन्हा उचलावा आणि खुंट्या मोजाव्यात. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत, आणि प्रत्येक खुंटी भोकाखालीच आली पाहिजे. माझ्या मते मदरबोर्ड बसवण्याच्या सूचनांतले निम्मे शब्द या एका कामावर खर्च व्हायला हवेत. वस्तू स्वतःच चूक अडवते तिथे शब्द लागत नाहीत. ती गप्प राहते तिथे मात्र ते हवेत.

यावर एक रास्त आक्षेप येईल. टंकलेखनातली चूक खोडता येते, महागडा बोर्ड जळला तर परत येत नाही. मग करून शिकण्याचा हा आग्रह कशाला? पण कॅरोल यांच्याकडे याचेही उत्तर होते. त्यांनी नवशिक्यांसाठी यंत्रातल्या घातक वाटा तेवढ्या बंद ठेवल्या आणि बाकीच्या मोकळ्या सोडल्या. इथेही परत न फिरवता येणाऱ्या चुका मोजक्याच आहेत: प्रोसेसरच्या खाचेतल्या नाजूक पिना वाकणे, शॉर्ट होणे आणि अंगातल्या स्थिर विजेचा झटका भागांना बसणे. न्युरेम्बर्गच्या हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा कोरडी होते, तेव्हा हा शेवटचा धोका मुंबईच्या दमट हवेपेक्षा नक्कीच मोठा. हा झटका माणसाला जाणवण्याइतका नसला तरी चिपला मारक ठरू शकतो. त्यामुळे आधी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावणे, हे काम नियमाने करावे. या तीन ठिकाणी कडक शिस्त, बाकी सगळीकडे मोकळीक.

व्हिडिओ पाहून शिकता येत नाही का, असेही विचारले जाते. चित्राची ताकद न्युरेम्बर्गला चांगली ठाऊक आहे. कोनराड मेंडेल यांनी १३८८ मध्ये वृद्ध कारागिरांसाठी बारा जणांचे आश्रयगृह स्थापन केले. तिथल्या प्रत्येकाचे चित्र, आपल्या कामात गढलेला आणि हातात हत्यार असा, पंधराव्या शतकापासून एका वहीत काढले गेले. हत्यार कोणते, बसायचे कसे, हे त्या चित्रांतून आजही कळते. पण हातोडा किती जोराने पडत होता हे चित्रात येत नाही. स्क्रू कुठवर पिळायचा हेही तसेच. सगळे स्क्रू आधी सैल लावावेत, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत आणि अडल्यासारखे वाटले की थांबावे, एवढे सांगता येते. ते ‘अडणे’ मनगटालाच कळते.

दुकानदार हे काम करून देतोच, मग स्वतः कशाला, हा प्रश्न मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जास्त ऐकू येईल. ज्याला संगणक फक्त वापरायचा आहे त्याने दुकानातूनच जोडून घ्यावा, त्यात कमीपणा नाही. पण वर्षभराने रॅम वाढवायची असेल, किंवा मशीन अचानक बंद पडू लागले, तर ज्याने एकदा बोर्ड बसवला आहे त्याला आधी कुठे पाहायचे ते माहीत असते. म्हणून पहिल्या खेपेला कॅबिनेटची बाजू लगेच बंद करू नये. ती उघडी ठेवून बटण दाबावे. पंखे फिरले, पडद्यावर बायोसची अक्षरे आली, की दार लावावे. नाही आली, तर एसएमपीएसची वायर भिंतीतून काढावी आणि पुन्हा खुंट्यांपासून मोजायला घ्यावे.