तोडायचं नाही, विसरू द्यायचं

‘‘अगं, दोन वर्षांची होत आली ना ती? अजून अंगावर पिते?’’

हा प्रश्न ज्या आईला कुणी विचारला नसेल, अशी आई मला तरी भेटलेली नाही. पुण्यात तो शेजारणी विचारतात, मुंबईत लोकलच्या डब्यात अनोळखी बायकाही विचारतात. मला तो फोनवर विचारला गेला. २०१९ सालच्या मे महिन्यात चेन्नईच्या वेस्ट मांबलम भागात, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मी कपडे वाळत घालत होते. नागपूरहून मावससासूबाई बोलत होत्या आणि माझी दीड वर्षाची लेक माझ्या साडीचा पदर ओढत होती. ‘‘आता तोड बाई ते दूध. उन्हाळ्याची सुट्टी आहे, बरी संधी आहे,’’ असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तोडायचं कसं, हे मला माहीत होतं. थोरल्या मुलाच्या वेळी मी ते केलं होतं.

पहिला धडा

मुलगा तेव्हा चौदा महिन्यांचा होता. आम्ही पुण्यात होतो आणि मला पुन्हा नोकरीवर रुजू व्हायचं होतं. घरात ठरलं की तीन दिवस त्याला आजीकडे ठेवायचं आणि परत आणल्यावर कोरफडीचा गर लावून जवळ घ्यायचं. तसंच केलं. चौथ्या दिवशी तो धावत आला, तोंड लावलं आणि कडू लागताच माझ्याकडे पाहिलं. रडला नाही, नुसता पाहत राहिला. त्यानंतर आठ-दहा दिवस तो माझ्या मांडीवर बसायला तयार नव्हता. घरातले म्हणाले, ‘‘बघ, कसं पटकन सुटलं!’’

माझं मात्र सुटलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी छाती दगडासारखी घट्ट झाली. कुणी तरी सांगितलं म्हणून मी कापडाने आवळून बांधली. एका बाजूला गाठ धरली, लाल चट्टा उठला, थंडी वाजून ताप भरला. औषधांचा कोर्स पुरा करावा लागला. नोकरीवर रुजू व्हायचा दिवस मी अंथरुणात काढला.

हे सगळं इथे सांगते, कारण अशा गोष्टी आपण एकमेकींना सांगत नाही. ‘तीन दिवसांत सुटलं’ एवढंच सांगतो.

पाटींचा शब्द

चेन्नईला आमची बदली झाली ती २०१८ मध्ये. आमच्या समोरच्या घरात एक ‘पाटी’ राहत. तमिळमध्ये पाटी म्हणजे आजी. माझ्या मुलाला या शब्दाचं फार हसू येई, कारण त्याची पाटी दप्तरात होती. पाटींचं हिंदी तोडकं, माझं तमिळ त्याहून तोडकं. पण बाळांच्या बाबतीत भाषा फारशी आड येत नाही. फोनवरचं बोलणं मी त्यांना सांगितलं. ‘दूध तोडणं’ हे काही मला त्यांना समजावता येईना. शेवटी हातवारे करून दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘ओहो, पाल मरक्कडिक्कणुम!’’

पाल म्हणजे दूध. मरक्कडिक्कणुम म्हणजे विसरायला लावायला हवं. आपण म्हणतो दूध तोडलं, ते म्हणतात विसरवलं. मी कपडे तसेच सोडून गच्चीच्या कठड्यावर बसले.

तमिळनाडूत सगळ्याच आया हळुवारपणे दूध सोडवतात असं मात्र कुणी समजू नये. तिथेही कडुनिंबाचा पाला वाटून लावतात, कडुनिंबाचं तेल लावतात. हे दोन्ही प्रकार टाळलेलेच बरे. कोरफडीचा पिवळा चीक पोटात गेला तर जुलाब होतात आणि कडुनिंबाच्या तेलाने लहान मुलांना विषबाधा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. पाटींनीही त्यांच्या थोरल्या मुलाला पाला लावला होता. ‘‘त्याने दूध नाही विसरलं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘माझ्याकडे यायचं विसरला.’’

त्या उन्हाळ्यात नको!

पाटींनी आणखी एक गोष्ट ठामपणे सांगितली. आत्ता सुरुवात करायची नाही. एक तर ‘कत्तिरी वेयिल’ चालू होतं, म्हणजे मे महिन्यातलं चेन्नईचं सर्वांत कडक ऊन. आणि दुसरं, पाणी नव्हतं.

२०१९ चा तो उन्हाळा चेन्नईकर विसरलेले नाहीत. पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरमबाक्कम हे शहराला पाणी देणारे चारही तलाव जूनपर्यंत जवळजवळ कोरडे पडले. गल्लीत टँकर आला की रंगीबेरंगी प्लास्टिकच्या घागरींची रांग लागे. जुलैमध्ये तर जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा दिवसांत मुलाला अंगावरून काढून बाटलीवर घालायचं म्हणजे काय, याचा विचार करा. बाटली धुवायला पाणी, उकळायला पाणी, दुधात घालायला पाणी. आणि ते पाणी कुठल्या विहिरीचं, ते टँकरवाल्यालाच ठाऊक. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर जुलाब-उलट्यांची साथ असते. आईचं दूध न धुता, न उकळता मिळतं. म्हणून आजारपण, घर बदलणं, शाळेचे पहिले दिवस, घरात नवं बाळ येणं आणि कडक उन्हाळा, एवढ्या वेळा टाळून मग दूध सोडवायला घ्यावं, असं बालरोगतज्ज्ञही सांगतात.

आणि घाई तरी कशाला? पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत आणि आईला व मुलाला हवं असेल तर पुढेही, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. वर्षानंतर दुधात ‘काही उरत नाही’ हे ऐकीव बोलणं आहे. प्रथिनं, स्निग्धांश, जीवनसत्त्वं आणि रोगप्रतिकारक घटक तेव्हाही त्यात असतात. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बाळांच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात करायला बंदी आहे आणि २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या डबाबंद आहारालाही ती लागू झाली, त्यामागे कारण हेच आहे.

तरीही एखाद्या आईला दीड वर्षातच थांबायचं असेल तर तिने थांबावं. थकवा, नोकरी, पुन्हा दिवस जाणं, कारण काहीही असो. त्यासाठी तिने कुणाची माफी मागायची गरज नाही. (निरोगी गरोदरपणात पाजणं सहसा सुरक्षित असतं, पण आधी गर्भपात झाला असेल किंवा रक्तस्राव, कळा असतील तर डॉक्टरांना विचारून ठरवावं.) प्रश्न कधी थांबायचं एवढाच नाही, कसं थांबायचं हाही आहे.

एकेक वेळ गाळताना

पावसाला सुरुवात झाली आणि सप्टेंबरात आम्ही सुरुवात केली. लेक तेवीस महिन्यांची होती. पाटींनी आधी मला दोन दिवस फक्त मोजायला लावलं. ती किती वेळा पिते आणि का पिते? निघालं असं: सकाळी उठल्याबरोबर, अकराच्या सुमारास, दुपारी झोपताना, संध्याकाळी बाबा येईपर्यंत कंटाळून, रात्री झोपताना आणि मध्यरात्री एकदा किंवा दोनदा. भूक फक्त सकाळचीच होती. बाकी सगळं झोप, कंटाळा आणि सवय.

सर्वांत कमी गरजेची वेळ आधी गाळायची. आमची अकराची होती. ती वेळ झाली की पाटी तिला घेऊन कोपऱ्यावरच्या फुलवाल्या बाईकडे जात. मी ज्या वेताच्या खुर्चीत बसून पाजत असे, ती खुर्चीच गच्चीवर नेऊन ठेवली. नियम एकच, आपणहून द्यायचं नाही आणि मागितलं तर झिडकारायचं नाही. मागण्याआधीच हातात इडलीचा तुकडा, केळं किंवा स्टीलच्या छोट्या पेल्यात पाणी द्यायचं. आठवडाभरात अकराची वेळ तिच्या लक्षातून गेली. मग संध्याकाळची घेतली. तेव्हा नेमका तिला ताप आला आणि दोन्ही वेळा पुन्हा सुरू झाल्या. मला वाटलं, मेहनत वाया गेली. पाटी म्हणाल्या, आजारी मूल दुधाकडे येणारच. ताप उतरला आणि चार दिवसांत गाडी पुन्हा रुळावर आली.

रात्रीची वेळ सगळ्यांत अवघड, आणि ती आईने एकटीने सोडवायचीच नसते. आमच्याकडे रात्रीचं काम यांनी घेतलं. पहिल्या रात्री ती पाऊण तास रडली आणि मी दुसऱ्या खोलीत उशी तोंडावर धरून बसले. यांनी तिला खांद्यावर घेऊन खिडकीतून रस्त्यावरचे दिवे दाखवले. पाचव्या रात्री ती स्वतःच ‘बाबा, दिवे’ म्हणाली. रात्री पिण्याची सवय असलेल्या मुलांचे दात सकाळ-संध्याकाळ घासून घ्यावेत. ते आम्ही याच काळात सुरू केलं.

आईचं अंग

या सगळ्यात आईच्या शरीराचा हिशेब साधा आहे. दूध जेवढं ओढलं जातं तेवढं तयार होतं. छातीत दूध साठून राहिलं की शरीराला आपोआप निरोप जातो, की आता कमी करा. पण हा निरोप पोहोचायला दिवस लागतात. म्हणून एक वेळ गाळल्यावर किमान चार-पाच दिवस, जमल्यास आठवडा थांबून मग पुढची गाळावी. मध्येच ताठरलं तर आराम पडेल एवढंच थोडं दूध हाताने काढावं, पूर्ण रिकामं करू नये. गार पाण्याची घडी ठेवावी. आवळून बांधू नये. लाल चट्टा, दुखरी गाठ आणि ताप दिसला तर घरगुती उपाय करत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. दूध आटवायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून तर मुळीच घेऊ नयेत. कित्येक जणींना या दिवसांत उगाच रडू येतं, चिडचिड होते. शरीरातली संप्रेरकं बदलत असतात, म्हणून. ते फार दिवस टिकलं तर मात्र बोलावं, औषध घ्यावं.

ताटातलं

दूध कमी होतं तसं ताट भरायला हवं, नाही तर मूल हाडकतं आणि दोष दूध सोडवण्यावर येतो. आपल्याकडे आजी बाळाला चिऊचा घास, काऊचा घास भरवते. तमिळ घरांत चंद्र दाखवत ‘निलाच्चोरु’ भरवतात, म्हणजे चांदण्यातला भात. माझ्या लेकीला दोन्ही मिळालं. पाटींचा तूप घातलेला वरणभात, नाचणीची कांजी, इडली. आमच्याकडचं मेतकूट-भात, मुगाची खिचडी, उकडलेलं अंडं. एक चूक पुष्कळ घरांत होते. अंगावरचं सुटलं की त्याच्या जागी गाईम्हशीच्या दुधाचे पेल्यावर पेले सुरू होतात. मग पोट दुधाने भरतं, मूल जेवत नाही आणि लोह कमी पडून पांढरंफटक होतं. या वयाला दिवसाला अर्धा लिटरपेक्षा जास्त वरचं दूध नको.

घराबाहेर

चेन्नईची एक गोष्ट मला मनापासून आवडली. ऑगस्ट २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री जयललिता यांनी राज्यातल्या सुमारे साडेतीनशे बसस्थानकांवर स्तनपानासाठी स्वतंत्र खोल्या सुरू केल्या. कोयंबेडूच्या स्थानकावर मी ती वापरली आहे. थाटमाट काही नव्हता, पण दार होतं आणि दाराला आतून कडी होती. एवढ्यासाठी मी पूर्वी आपल्या किती स्टँडांवर खांबाआड उभी राहिले असेन! राज्य सरकारी नोकरीतल्या स्त्रियांची बाळंतपणाची रजाही तिथे २०१६ मध्ये नऊ महिन्यांची आणि २०२१ मध्ये बारा महिन्यांची झाली. बाकीच्यांसाठी तेव्हा १९६१ चा मातृत्व लाभ कायदा होता. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या मिळण्याचा हक्क त्यात पहिल्यापासून होता. माझ्या मुलाच्या वेळी मला तो माहीत नव्हता आणि ऑफिसात कुणी सांगितलाही नाही. माहीत असता तर चौदाव्या महिन्यात कोरफड आणली असती का, कोण जाणे.

डिसेंबरपर्यंत फक्त सकाळची वेळ उरली होती. तीही कधी असे, कधी नसे. २०२० च्या जानेवारीत पोंगलच्या दिवशी पाटींनी गुळाचा सक्करै पोंगल पाठवला. लेकीने दोन वाट्या खाल्ला आणि चेहरा तुपाने माखून घेतला. तो पुसताना माझ्या लक्षात आलं, की ती शेवटची कधी प्यायली ते मला आठवत नाही. पाच दिवस झाले असतील, कदाचित आठ.

त्या रात्री मुलगाही आमच्याजवळ येऊन झोपला. तो तेव्हा पहिलीत होता. अंधारात मी त्याला विचारलं, ‘‘तुला आठवतं का रे, तू लहान असताना आईने कोरफड लावली होती?’’

‘‘कोरफड म्हणजे काय?’’ त्याने विचारलं आणि कूस बदलून पाय माझ्या अंगावर टाकला.