शाळेचा निकाल वाचण्याआधी हजेरीपट वाचा

मागच्या आठवड्यात सकाळी फिरताना एका गृहस्थांनी मला गाठलं. म्हणाले, "कर्नलसाहेब, आपल्या मोहल्ल्यातल्या सरकारी शाळेत आठवीच्या पोरांना भागाकार येत नाही. असल्या शाळा चालू तरी का ठेवायच्या?" प्रश्न रागाचा होता, पण खोटा नव्हता. त्याच शाळेत मी दर शनिवारी गणित घेतो, त्यामुळे आज त्यावरच बोलू.

महाराष्ट्रात ऐकणाऱ्यांसाठी आधी एक खुलासा. तुमच्याकडे जिल्हा परिषदेची शाळा असते, तशी आमच्या झाशीत बेसिक शिक्षा परिषदेची. सहावी ते आठवीच्या शाळेला इथे उच्च प्राथमिक विद्यालय म्हणतात. म्हणजे अकरा ते चौदा वर्षांची मुलं.

भागाकाराचं म्हणाल तर ही एका मोहल्ल्याची गोष्ट नाही. 'असर' ही पाहणी करणारे लोक खेड्यांत घरोघर जाऊन मुलांना वाचायला आणि गणितं सोडवायला देतात. 2024 च्या पाहणीत देशभरातल्या आठवीच्या निम्म्याहून कमी मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. यात खासगी शाळांतली मुलंही धरलेली आहेत.

आता माझा मुद्दा. फौजेत रोज सकाळी 'परेड स्टेट' येतं. कंपनीत किती माणसं, त्यातली रजेवर किती, इस्पितळात किती, कोर्सला किती, आणि मैदानावर किती. ते न पाहता कंपनी कमकुवत आहे असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला आम्ही कच्चा समजायचो. शाळेच्या बाबतीत मात्र आपण सरासरी तेवढी पाहतो आणि निकाल देऊन टाकतो.

या शाळेच्या दारात कोण येतं ते बघा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांच्या पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा गरीब आणि वंचित घरांसाठी ठेवल्या. योजना चांगली आहे. पण अर्ज भरण्याची, खेटे घालण्याची धडपड करणारे पालक तिथे जातात. सहावीला नवोदय विद्यालयाची परीक्षा होते, तिथे हुशार मुलं निवडली जातात. ज्यांना फी झेपते ते आधीच गेलेले असतात, आणि एकालाच फी भरायची असेल तर बहुतेक घरांत ती मुलग्याची भरली जाते. खेड्यांत मुलींपेक्षा मुलगे खासगी शाळेत जास्त, हे 'असर'मध्ये वर्षानुवर्षं दिसतं. उरलेली मुलं आमच्या वर्गात. त्यांच्या घरी बुंदेली बोलतात, पुस्तक खडी बोलीतलं. 2011 च्या जनगणनेत झाशी जिल्ह्यातल्या पुरुषांची साक्षरता सुमारे 85 टक्के होती आणि बायकांची सुमारे 63. अभ्यास घ्यायला आई बसेल, असं प्रत्येक घरात गृहीत धरता येत नाही.

शिवाय आमच्या बुंदेलखंडात दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात. मराठवाड्यातली ऊसतोड आठवा, तसंच. सहावी ते आठवीला कायद्याने वर्षाला 220 दिवस शाळा भरायला हवी. चार महिने गावाबाहेर राहिलेल्या मुलाची त्यातली बरीच शाळा बुडते. नाव मात्र पटावर असतं.

आता एक हिशेब करू. आकडे समजण्यापुरते आहेत. वर्गात वीस मुलं नियमित येतात, त्यांची सरासरी शंभरात साठ. मुख्याध्यापिका बाईंनी घरोघर जाऊन भट्टीवरून परतलेली पाच मुलं पुन्हा वर्गात बसवली. त्यांची सरासरी तीस. नवी सरासरी किती? बाराशे अधिक दीडशे, भागिले पंचवीस, म्हणजे चोपन्न. बाईंनी चांगलं काम केलं आणि शाळेचा आकडा सहाने घसरला. उलट, परीक्षेच्या दिवशी कच्ची मुलं घरी राहिली तर काहीही न शिकवता आकडा वर जातो. आणि वर्गच वीसचा असला, तर एका मुलाच्या पास-नापासाने निकाल पाच टक्क्यांनी हलतो.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे मास्तरांना मोकळं सोडायचं? मुळीच नाही. गरीब घरची मुलं आहेत, ती शिकणारच नाहीत, हे वाक्य मी एका स्टाफरूममध्ये चहा पिताना ऐकलंय आणि मला ते कामचुकारपणाचं वाटतं. मुलं कुठून आली याचा हिशेब ती कुठवर पोचली हे मोजण्यासाठी ठेवायचा. सहावीत तीस गुणांवर आलेलं मूल आठवीत पन्नासवर गेलं, तर त्या शाळेने पासष्टचे बहात्तर करणाऱ्या शाळेपेक्षा जास्त काम केलंय. आणि तीसचं मूल तीन वर्षांनी तीसवरच असेल, तर कारण शाळेला विचारायलाच हवं.

हे आत्ता एवढ्यासाठी सांगतोय, की जून 2025 मध्ये उत्तर प्रदेशात कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळांना जोडण्याचा आदेश निघाला. त्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. आपल्या शाळेबद्दल असा विषय निघाला, तर निकालाचा कागद पुरणार नाही. पटावर किती, रोज हजर किती, सहावीत आल्यावर चाचणी घेतली होती का, तीच मुलं आज कुठे आहेत, गणिताला शिक्षक आहे का, की तो मतदारयाद्यांच्या कामावर आहे, हे विचारा. नवी शाळा रस्त्यापलीकडे असेल तर मुलींना तिथे कोण पोचवणार, हेही. आमच्या ओळखीच्या मराठी घरांतलं एकही मूल या शाळांत नाही, म्हणून हे प्रश्न आपल्याला सुचत नाहीत.

त्या गृहस्थांना मी शनिवारी सोबत नेलं. त्यांनी स्वतः सातवीतल्या एका मुलीला भागाकार घातला. तिला आला नाही. मग त्यांनी तिची वही नीट पाहिली, तेव्हा लक्षात आलं की तिला भागाकाराची रीत माहीत आहे, वजाबाकीत हातचा घेताना ती चुकते. तास संपला तरी ते बाकावरून उठले नव्हते. येत्या शनिवारी किती वाजता निघायचं, असा त्यांचा काल फोन होता.