टेबल एक, बिऱ्हाडं दोन

मुलुंड पूर्वेच्या आमच्या वन बीएचकेत दुसरं टेबल मावत नाही, यावर घरात कुणाचंच दुमत नाही. हॉलमध्ये खिडकी आणि फ्रिज यांच्या मधल्या जागेत जे टेबल आहे, तेच माझं ऑफिस आणि तीच आमच्या सोसायटीची कचेरी. ऐरोलीच्या एका कंपनीत मी पगारपत्रकांचं काम करते. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये कंपनीचा लॅपटॉप घरी आला आणि आठवड्यातले काही दिवस अजूनही घरीच असतो. घरचा डेस्कटॉप त्याच्याही आधीचा. त्यात टॅली आहे, कारण मी सोसायटीची खजिनदार आहे. मेंटेनन्सची बिलं, सिंकिंग फंडाचा हिशेब, सभेची इतिवृत्तं, सगळं त्यातच. कंपनीच्या लॅपटॉपवर सोसायटी आणायची नाही आणि सोसायटीच्या कॉम्प्युटरवर लोकांचे पगार उघडायचे नाहीत. त्यामुळे कॉम्प्युटर दोन हवेतच. पण मॉनिटर, कीबोर्ड आणि माउसही दोन दोन मांडले, तर भाजी निवडायला कुठे बसायचं?

अशी अडचण असणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असतं, दुकानात जाण्याआधी मॉनिटर फिरवून त्याची पाठ बघा. बहुतेक मॉनिटरना चित्र आत घेणाऱ्या दोन तरी खाचा असतात. दोन एचडीएमआय, किंवा एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट, जुन्यांना पंधरा पिनांची व्हीजीए. एकीत लॅपटॉप लावा, दुसरीत डेस्कटॉप. मॉनिटरच्या कडेचं बटण दाबून कोणाचं चित्र बघायचं ते निवडता येतं. मग प्रश्न उरतो कीबोर्ड आणि माउसचा. त्यासाठी साधा यूएसबी स्विच मिळतो. एका बाजूला कीबोर्ड-माउस, दुसऱ्या बाजूला दोन कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या वायरी आणि वर एक बटण. सकाळी ऑफिस आणि रात्री घरचं, अशी दिवसातून एकदाच पाळी बदलणाऱ्याला एवढं पुरतं. त्याने पुढे पैसे घालवू नयेत.

माझं तसं नाही. महिनाअखेरीला पगारपत्रक उघडलेलं असताना तिसऱ्या मजल्यावरचे काका फोन करतात, ‘ताई, आमची पावती आली नाही.’ मग मॉनिटरचं बटण, त्याच्या मेनूतून दोन पायऱ्या, यूएसबी स्विचचं वेगळं बटण, पावती, आणि पुन्हा हे सगळं उलट. हे सारं एकाच बटणावर आणणारी डबी म्हणजे केव्हीएम स्विच. के म्हणजे कीबोर्ड, व्ही म्हणजे व्हिडिओ, एम म्हणजे माउस. तिन्ही डबीला जोडायचे आणि डबी दोन्ही कॉम्प्युटरना. बटण दाबलं की तिन्ही एकदम सोसायटीतून कंपनीत.

ही डबी घरांसाठी जन्मलेली नाही. बोरिवलीला राहणारे माझे दीर पूर्वी अंधेरीच्या सीप्झमध्ये सर्व्हर रूममध्ये रात्रपाळी करत. तिथे लोखंडी रॅकमध्ये एकावर एक सर्व्हर आणि सगळ्यांना मिळून पडदा एकच. ‘वहिनी,’ ते म्हणाले, ‘डबी जोडते किती, ते बघू नका. खोटं किती चांगलं बोलते, ते विचारा.’

त्यांचं म्हणणं मला पुढे नीट कळलं. त्या काळी कीबोर्ड आणि माउस गोल पीएस/२ प्लगचे असत. कीबोर्ड जोडलेला नसेल, तर बरेच कॉम्प्युटर सुरू होतानाच अडून बसत. पडद्यावर लिहून येई की कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायला एफ-१ दाबा. नसलेल्या कीबोर्डवरची कळ दाबा, ही सूचना कोणाच्या डोक्यातून आली असेल कोण जाणे. शिवाय चालू मशीनमधून माउस काढून परत लावला, तर तो ओळखला जाईलच याची खात्री नसे. रात्री दोन वाजता वीज जाऊन आली आणि रॅकमधले सर्व्हर एकदम उठू लागले, तर प्रत्येकाला आपापला कीबोर्ड जागेवर दिसायला हवा. म्हणून चांगल्या डब्या प्रत्येक सर्व्हरला सतत सांगत राहत, ‘आहे, कीबोर्ड आहे, माउसही आहे.’ खरा कीबोर्ड मात्र भलत्याच सर्व्हरकडे असे.

आता यूएसबी आलं, वायर केव्हाही काढा-लावा. पण खोट्याची गरज संपलेली नाही, ती पडद्याकडे सरकली. मॉनिटर जोडला की तो कॉम्प्युटरला आपली ओळख देतो, मी कोण, माझे ठिपके किती, सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो. या ओळखपत्राला ईडीआयडी म्हणतात. स्वस्तातली डबी पाळी बदलताना नुसती वायर तोडते. ओळखपत्र नाहीसं झालं की लॅपटॉपला वाटतं मॉनिटर उपटला, आणि तो सगळ्या खिडक्या गोळा करून स्वतःच्या छोट्या पडद्यावर कोंबतो. परत आलात की मोठ्या पडद्यावर नीट मांडलेलं पगारपत्रक भलत्याच आकारात कोपऱ्यात. चांगली डबी ओळखपत्राची नक्कल जवळ ठेवते आणि पाठ वळली तरी लॅपटॉपला दाखवत राहते. किमतीतला फरक बराचसा या नकलेचा असतो, असं माझं मत आहे. खोक्यावर ‘ईडीआयडी इम्युलेशन’ असं लिहिलेलं शोधावं.

खरेदीला मी लॅमिंग्टन रोडला जाते. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण दुकानदारही लॅमिंग्टनच म्हणतात. मुलुंडहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेची स्लो, आणि ग्रँट रोड. इतक्या लांब जायचं कारण, तिथे डबी काउंटरवर जोडून बघता येते. लॅपटॉप पिशवीत घालूनच न्यावा. तुमचा मॉनिटर फुल एचडी असेल तर फारसा प्रश्न नाही. फोर-के असेल तर डबी एचडीएमआय १.४ची की २.०ची हे विचारावंच लागतं. पहिली फोर-के चित्र सेकंदाला तीसच वेळा बदलते, दुसरी साठ वेळा. तीसवर माउसचा बाण रखडत चालतो आणि दोष बिचाऱ्या माउसला मिळतो. लॅपटॉपला नुसत्या टाइप-सी खाचा असतील, तर त्यांतून चित्र बाहेर येतं का हेही तपासावं. दिसायला सगळ्या सारख्या असल्या तरी काही खाचा फक्त चार्जिंग आणि डेटाच्या असतात.

‘अहो, आता सॉफ्टवेअरने फुकटात होतं,’ असं सांगणारे भेटतात. ते खरं आहे, पण अर्धंच. मायक्रोसॉफ्टचं ‘माउस विदाउट बॉर्डर्स’ २०११पासून आहे, आता ते पॉवरटॉइजमध्ये मिळतं. माउसचा बाण एका कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कडेवरून थेट दुसऱ्याच्या पडद्यावर जातो, कीबोर्ड त्याच्यामागून. अॅपलने २०२२मध्ये मॅक आणि आयपॅडसाठी अशीच सोय आणली. पण यात पडदा वाटून घेतला जात नाही, दोघांना आपापला लागतो. शिवाय प्रोग्राम दोन्हीकडे टाकावा लागतो, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर काहीही टाकायला मनाई असते. डबीला सहसा काही टाकावं लागत नाही, लॅपटॉपला ती साधा कीबोर्डच वाटते. तरीही ऑफिसच्या आयटीवाल्यांना एकदा विचारून घ्यावं. डबीला जास्तीची यूएसबी खाच असते, तिच्यात पेनड्राइव्ह मात्र लावू नये. बटण दाबताच तोही दुसऱ्या बिऱ्हाडात जातो.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मराठीची. डेस्कटॉपवर मी इनस्क्रिप्टने टाइप करते, लॅपटॉपवर इंग्रजी. कीबोर्ड अक्षरं पाठवतच नाही, कुठली कळ दाबली तेवढंच कळवतो. तिचं अक्षर काय करायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. त्यामुळे इंग्रजी जे छापलेली कळ कंपनीत जे असते आणि सोसायटीत ‘र’. बटणाखेरीज काहीच बदलावं लागत नाही. आपण कुठे आहोत हे विसरू नये म्हणून डेस्कटॉपच्या पडद्यावर मी गडद पिवळा रंग ठेवलाय, कंपनीचा निळा आहेच.

हेडफोन आणि कॅमेरा मी डबीला लावलेले नाहीत, ते थेट लॅपटॉपलाच असतात. मीटिंग चालू असताना डबीचं बटण दाबलं तर तिच्यावरचं सगळं क्षणात दुसरीकडे जातं, साहेबांचा आवाजसुद्धा. लॅपटॉपला थेट जोडलेलं असलं की आवाज तिथेच राहतो, आणि साहेब तिमाहीचे आकडे सांगत असताना काकांची पावती छापून होते.